पूलचा पंप सुरूच होत नाही : मोटर जळली म्हणायच्या आधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की दीड एचपीचा सिंगल फेज पूल पंप बरेच दिवस बंद होता, आता स्विच टाकला की नुसता घूंऽऽ असा आवाज येतो, काही सेकंदांत एमसीबी पडतो, आणि बघायला आलेल्या माणसाने मोटर जळली, नवीन टाका म्हणून सांगितलं. तर टाकायची का? माझं म्हणणं, इतक्यात अजिबात नाही. जी मोटर घूं करतेय तिच्या वायंडिंगमधून (आतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीतून) करंट जातोय, म्हणजे तिला फिरायचंय पण काहीतरी फिरू देत नाहीये, आणि ते काहीतरी बहुतेक वेळा अडकलेला इंपेलर (पाणी ढकलणारं पंपाच्या आतलं चाक) असतो, नाहीतर गेलेला कपॅसिटर, नाहीतर गंजून धरलेलं बेअरिंग. या तिन्हीचा इलाज अख्ख्या नव्या मोटरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. मात्र रोज थोडं थोडं "बघू चालतो का" करत स्विच टाकत राहिलात तर आज चांगली असलेली मोटर खरंच जळेल, त्यामुळे ते आधी थांबवा.

का ते सांगतो. इंडक्शन मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या साधारण ५ ते ७ पट करंट ओढते. दीड एचपीची मोटर चालताना ७-८ अँपिअर घेत असेल तर सुरू होताना ४०-५० अँपिअर. नीट फिरली तर हे एखाद सेकंदात खाली येतं, पण शाफ्ट (मोटरचा फिरणारा दांडा) जाम असेल तर तेवढाच करंट वाहत राहतो, पंखा फिरत नाही म्हणून थंडावाही नाही, आणि वायंडिंगचं वार्निश बघता बघता भाजतं. काही सेकंदांत पडणारा तुमचा एमसीबी खरं तर मोटर वाचवतोय, त्याच्या जागी मोठा एमसीबी टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. फक्त एक बघून घ्या की एमसीबी सी टाइपचा आहे ना, कारण बी टाइपचा ३ ते ५ पट करंटलाच झटक्यात पडतो आणि चांगल्या मोटरलाही सुरू होताना पाडू शकतो, सी टाइप ५ ते १० पटीपर्यंत धरतो.

आता हात लावायच्या आधीचं. इथे पाणी आणि वीज शेजारी शेजारी आहेत, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून टर्मिनल बॉक्स उघडणारे लोक मी पाहिलेत आणि ते बघवत नाही. पूलमध्ये कोणी नको. एमसीबी किंवा आयसोलेटर बंद करा, नुसता टायमर ऑफ करून भागत नाही कारण टायमरची वेळ झाली की तुमचा हात आत असताना पंप सुरू होईल. पॅनेल लांब असेल तर कुलूप लावा नाहीतर तिथे माणूस उभा करा. मग मोटरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून खात्री करा, टेस्टरच्या दिव्यावर भरवसा नको. आणि कपॅसिटर, ज्याला बरेच लोक कंडेन्सर म्हणतात, तो सप्लाय काढल्यावरही चार्ज धरून असू शकतो. त्याचे दोन्ही टर्मिनल २० किलोओहमच्या ५ वॅटच्या रेझिस्टरने किंवा जुन्या पिवळ्या बल्बच्या होल्डरच्या वायरी लावून डिस्चार्ज करा, आणि मग मीटरवर व्होल्टेज शून्य आलंय हे बघा. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची पद्धत सर्रास चालते पण त्याने कपॅसिटरही खराब होतो आणि डोळ्यात कण उडतो. ज्यांना मीटर वापरायची सवय नाही त्यांनी बास्केट (पंपाच्या तोंडाशी कचरा अडवणारी जाळी) आणि शाफ्टपर्यंतचं काम स्वतः करावं, टर्मिनल बॉक्सच्या पुढचं इलेक्ट्रिशियनला द्यावं आणि समोर उभं राहून करून घ्यावं.

पंप "सुरू होत नाही" असं जेव्हा कोणी सांगतं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो की आवाज काय येतो. काहीच आवाज नाही, नुसती घूं आहे, स्विच टाकताक्षणी ट्रिप होतो, की सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडतो, या चौघांची कारणं जवळपास वेगवेगळी आहेत आणि एवढं एक नीट कळलं तर अर्धं काम संपतं.

तुमची केस घूंची आहे, तिच्यापासून सुरू करू. सप्लाय बंद, मग मोटरच्या मागच्या बाजूचं फॅन कव्हर किंवा छोटं झाकण काढा. बऱ्याच मोटरींच्या शाफ्टच्या मागच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हरची खाच किंवा ॲलन कीचं भोक असतं, नसेल तर पंख्यालाच धरून हळू फिरवा. चांगल्या पंपाचा शाफ्ट हाताने फिरतो, सीलचा (शाफ्टच्या बाजूने पाणी गळू न देणाऱ्या भागाचा) थोडासा ओढा जाणवतो पण एकसारखा. फिरवताना खरखर लागत असेल, वाळू असल्यासारखं, तर बेअरिंग. थोडा फिरून एका जागी ठक्कन अडत असेल तर इंपेलरमध्ये काहीतरी आहे. अजिबात हलत नसेल तर इंपेलर, बेअरिंग किंवा सील, तिन्हीपैकी काहीही, आणि खूप दिवस बंद राहिलेल्या पंपात सगळ्यात जास्त हेच दिसतं. पाण्यातले क्षार मेकॅनिकल सीलच्या दोन घासणाऱ्या तोंडांमध्ये सुकून बसतात आणि दोन्ही तोंडं एकमेकांना चिकटतात, किंवा पुढच्या बेअरिंगला गंज चढलेला असतो. अशा वेळी हळूहळू दोन्ही दिशांना, थोडं इकडे थोडं तिकडे करत सोडवायचा. लांब पाइप लावून जोर करायचा नाही, सीलचा सिरॅमिकचा भाग तडकतो किंवा इंपेलरचे आटे जातात, आणि मग छोट्या कामाचं मोठं काम होतं.

इंपेलरकडे जायला पंप खोलायची घाई नको. व्हॉल्व्ह बंद करा, स्ट्रेनरचं (बास्केट बसते त्या भांड्याचं) झाकण काढा, बास्केट बाहेर घ्या, मागे जे भोक दिसतं त्यातून बोट घातलं की इंपेलरचं तोंड लागतं. केस, पाल्याचे देठ, प्लास्टिकचे तुकडे, बारीक खडे, सगळं तिथेच गुंतून बसतं. वाकवलेल्या जाड तारेच्या आकड्याने ओढून काढा. आणि हे सापडलं तर लगेच बास्केट उजेडात धरून बघा, कुठेतरी तडा असेल किंवा ती नीट बसत नसेल, नाहीतर कचरा तिथपर्यंत गेलाच नसता. बास्केट न बदलता नुसता इंपेलर साफ केलात तर हीच तक्रार पुन्हा येणार.

शाफ्ट मोकळा फिरतोय तरीही घूं करतेय, मग कपॅसिटरवर संशय घ्यायचा. सिंगल फेजच्या मोटरची अडचण अशी की एकट्या मुख्य वायंडिंगने तयार होणारं चुंबकीय क्षेत्र गोल फिरत नाही, जागच्या जागी कमी-जास्त होत राहतं, त्यामुळे थांबलेल्या रोटरला, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागाला, कुठल्याच बाजूला ढकल मिळत नाही. सायकलचं पायडल बरोबर वरच्या टोकाला असताना कितीही जोराने दाबलं तरी चाक हलत नाही, तसं. दुसऱ्या वायंडिंगला कपॅसिटर लावून करंट थोडा पुढे काढला की मग क्षेत्र फिरायला लागतं आणि रोटर त्याच्या मागे धावतो. म्हणून कपॅसिटर गेला की मोटर घूं करत उभी राहते, आणि अशा वेळी शाफ्टला हाताने झटका दिला तर ज्या बाजूला झटका दिला त्या बाजूला ती फिरायला लागते. ही टेस्ट लोक करतात, मी कोणालाच करू देत नाही, सप्लाय चालू असलेल्या उघड्या पंख्याजवळ बोट नेण्याची गरजच नाही, मीटरवर दोन मिनिटांत तेच कळतं.

कपॅसिटर डिस्चार्ज करून त्याची निदान एक वायर काढायची आणि मीटर मायक्रोफॅरडवर ठेवून मोजायचं. अंगावर लिहिलेलं असतं, समजा ३० मायक्रोफॅरड, अधिक-उणे ५ टक्के, तर २८.५ ते ३१.५ मध्ये आला पाहिजे. २५-२६ दाखवत असेल तर अजून काही दिवस ढकलेल पण उन्हाळ्यात किंवा व्होल्टेज कमी असताना दगा देणार, बदलून टाका. ५-७ दाखवत असेल किंवा काहीच नाही तर गुन्हेगार सापडला. डबा फुगलेला, तेल गळालेलं, टर्मिनल काळं पडलेलं दिसलं तर मोजायचीही गरज नाही. नवीन घेताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत आणि व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, ४५० व्होल्टच्या जागी २५० व्होल्टचा लावला तर तो फुटेल. "जास्त मायक्रोफॅरड टाकला की मोटर जास्त जोरात उचलते" हा समज खूप ठिकाणी ऐकू येतो, त्याने दुसरं वायंडिंग तापतं आणि मोटर खरंच जळते. आणि स्टार्टचा कपॅसिटर वेगळा, रनचा वेगळा. स्टार्टचा जास्त मायक्रोफॅरडचा असतो पण तो क्षणभरच सर्किटमध्ये राहण्यासाठी बनवलेला असतो, रनच्या जागी लावला तर थोड्याच वेळात फुगून फुटतो.

ज्या मोटरींना स्टार्ट कपॅसिटर असतो त्यांच्या आत एक सेंट्रिफ्युगल स्विचही असतो, मोटरने साधारण ७०-८० टक्के स्पीड पकडला की तो उघडतो आणि स्टार्टचं सर्किट तोडतो. मोटर बंद करून ती थांबत आली की टिक असा बारीक आवाज येतो तो याचाच. याचे कॉन्टॅक्ट काळे पडले किंवा मधे मुंग्या चिरडून बसल्या तर मोटर उचलतच नाही, नुसती घूं. मुंग्यांचं अनेकांना खरं वाटत नाही पण पंपाच्या पॅनेलमध्ये आणि या स्विचमध्ये मुंग्या अगदी नेहमी सापडतात. आणि हाच स्विच चिकटून बंदच राहिला तर उलट घडतं, मोटर सुरू होते पण स्टार्ट कपॅसिटर उडतो, किंवा वायंडिंग तापून थोड्या वेळाने ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) पडतो. म्हणजे स्टार्ट कपॅसिटर पुन्हा पुन्हा जात असेल तर कपॅसिटरच्या कंपनीला दोष देण्याआधी हा स्विच बघा.

घूंचं आणखी एक कारण लोक विसरतात ते म्हणजे कमी व्होल्टेज. पॅनेलवर २३० दिसतात म्हणून लोक निश्चिंत असतात, पण पंप घराच्या दुसऱ्या टोकाला, केबल बारीक आणि लांब, मधे एखादा लूज जोड. मोटर बंद असताना तिथेही २३० च दाखवणार कारण करंटच वाहत नाहीये. मोजायचं असतं ते मोटर सुरू करतानाच्या क्षणाला, मोटरच्या टर्मिनलवर. त्या वेळी १८०-१९० वर कोसळत असेल तर नवी मोटर आणलीत तरी तीही घूंच करेल. केबल आणि जोड बघा. जोडाचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलेलं असेल तर तिथेच व्होल्टेज खातंय.

आता अजिबात आवाज नसलेला पंप. यात मोटरकडे सगळ्यात शेवटी जायचं. टायमर आधी, कारण लाइट गेली की साध्या घड्याळाच्या टायमरची वेळ मागे पडते आणि पंप "बंद पडलाय" असं वाटतं, प्रत्यक्षात तो रात्री दोनला चालत असतो. टायमर मॅन्युअलला टाकून बघा. मग एमसीबी, तो मधल्या स्थितीत अडकलेला असतो कधी कधी, पूर्ण खाली करून परत वर करा. मग स्टार्टर किंवा कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाऊन मोटरचा सप्लाय जोडणारा स्विच), कॉइलला सप्लाय येतोय का, ओढतो का, ओव्हरलोड रिलेचं रीसेट बटण बाहेर आलंय का. ओव्हरलोड पडला असेल तर रीसेट करा पण का पडला ते शोधा, त्याचं सेटिंग वाढवून मोकळं होऊ नका, ते नेमप्लेटवरच्या करंटएवढंच असायला हवं. हीटर किंवा ऑटोमेशन असलेल्या पूलमध्ये लेव्हल स्विच, प्रेशर स्विच, फ्लो स्विच यांच्यापैकी एखादा साखळी तोडून बसलेला असतो, स्किमरखाली (पूलच्या काठातल्या पाणी ओढणाऱ्या तोंडाखाली) पाणी गेलं की लेव्हल स्विच पंप बंद ठेवतो आणि ते बरोबरच करतो. कॉन्टॅक्टर ओढतोय आणि मोटरच्या टर्मिनलपर्यंत २३० पोचतायत, तरी मोटर गप्प, तेव्हाच मोटरच्या आत बघायचं. बहुतेक वेळा आतला थर्मल स्विच (मोटर तापली की सप्लाय तोडणारा) उघडा असतो, मोटर गरम असेल तर अर्धा-एक तास थंड होऊ द्या. गार मोटरलाही तो उघडाच असेल तर गेला.

वायंडिंग तपासायचं तर कपॅसिटर सोडवून तीन टोकं मोकळी करा, कॉमन, रन आणि स्टार्ट. रनचं वायंडिंग काही ओहमच दाखवतं, स्टार्टचं त्यापेक्षा जास्त, आणि रन ते स्टार्ट असं मोजलं की दोघांची बेरीज यायला हवी. बेरीज जमली तर वायंडिंग अखंड आहे. कुठे ओपन दाखवलं तर तुटलंय. वळणं आपसात शॉर्ट झाली असतील तर मात्र साध्या मीटरला ते नेहमी पकडता येत नाही, तिथे नाक जास्त कामाचं, टर्मिनल बॉक्स उघडल्या उघडल्या जळक्या वार्निशचा जो वास येतो तो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. तुम्हाला ज्यांनी मोटर जळली म्हणून सांगितलं त्यांनी यातलं काय काय मोजलं ते विचारा. काहीच मोजलं नसेल तर तो अंदाज आहे एवढंच.

तिसरा प्रकार, स्विच टाकताक्षणी ट्रिप. इथे कोण पडतंय ते बघणं महत्त्वाचं. एमसीबी क्षणात पडला तर शॉर्ट, आरसीसीबी (गळता करंट ओळखून सप्लाय तोडणारा ब्रेकर) पडला तर करंट अर्थला गळतोय. पूलच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असायलाच हवा, आणि तो सारखा पडतो म्हणून बायपास करायचा विचारही करू नका, पाण्यात असलेल्या माणसाचं शरीर ओलं असतं, वीज त्यातून सहज जाते आणि सुटून बाजूला व्हायची संधी मिळत नाही. मोटरची केबल सोडवा, आता आरसीसीबी टिकला तर दोष मोटरमध्ये, नाहीतर केबलमध्ये. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) वायंडिंग ते बॉडी मोजा, १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर ओली आहे किंवा इन्सुलेशन गेलंय. नुसती ओली असेल तर खोलून, सौम्य उष्णतेत एक-दोन दिवस वाळवून पुन्हा मोजा, कित्येक मोटरी अशा परत येतात. पण पाणी आत आलं कुठून ते सापडेपर्यंत ती परत बसवू नका.

आणि इथे मला थोडं थांबून बोलायचंय कारण बहुतेक पूल पंपांचं मरण याच वाटेने येतं. मोटर आणि पंपाच्या मधे, शाफ्टवर मेकॅनिकल सील असतं, एक बाजू कार्बनची आणि एक सिरॅमिकची, स्प्रिंगने एकमेकांवर दाबलेली. पंप कोरडा चालला, पाण्यात वाळू आली, किंवा नुसतं वय झालं की ते गळायला लागतं. सुरुवातीला पंप आणि मोटरच्या सांध्याखाली थेंब पडतात, सुकल्यावर पांढरा डाग राहतो. कोणी लक्ष देत नाही. ते पाणी शाफ्टवरून सरळ पुढच्या बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन काढतं, गंज चढतो, पंप किंचाळायला लागतो, आणि महिना-दोन महिन्यांत एके दिवशी सुरू होत नाही. तोपर्यंत सील बदलण्याचं छोटं काम बेअरिंगपर्यंत गेलेलं असतं, आणि पाणी वायंडिंगवर उडालं तर मोटरपर्यंत. त्यामुळे बेअरिंग गेलेलं सापडलं आणि सील मात्र जुनंच ठेवलं तर त्या दुरुस्तीला काही अर्थ राहत नाही. दोन्ही बेअरिंग आणि सील, तिन्ही एकदमच बदला.

बदलताना : व्हॉल्व्ह बंद, पाणी काढून टाका, वायरींचे फोटो काढून ठेवा. हाउसिंगचे बोल्ट किंवा क्लॅम्प सोडून मोटर मागे ओढा, डिफ्यूजर (इंपेलरवरचं आवरण) काढा, शाफ्ट मागून धरा आणि इंपेलर सोडवा. कित्येक पंपांत इंपेलरच्या मधे एक लॉक स्क्रू असतो आणि त्याचे आटे उलटे असतात, आपल्या नेहमीच्या सवयीने सोडायला गेलात तर आणखी घट्ट होतो आणि डोकं गोल होतं. बेअरिंगचा नंबर त्याच्या अंगावरच असतो, ६२०३ किंवा ६२०४ असे नेहमी दिसतात, पण जुनं बघूनच घ्या, आणि दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं घ्या. काढायला पुलर वापरा. बसवताना दाब आतल्या रिंगवरच द्यायचा, बाहेरच्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. सीलच्या घासणाऱ्या तोंडांना बोट लावायचं नाही, लागलंच तर स्वच्छ मऊ कापडाने पुसा. रबराचा भाग सरकवायला साबणाचं पाणी पुरतं, साधं ग्रीस किंवा तेल लावलं तर काही रबरं फुगतात. शाफ्टवर सील बसतं त्या जागी हात फिरवा, खड्डे पडले असतील तर नवं सीलही गळेल.

चौथा प्रकार, सुरू होतो आणि दहा-वीस मिनिटांनी बंद, थंड झाला की परत सुरू. हा थर्मल आहे. कारणं : कमी व्होल्टेज, अशक्त रन कपॅसिटर, जड झालेलं बेअरिंग, किंवा मोटरला वाराच नाही. पावसापासून वाचवायला लोक मोटरवर प्लास्टिक गुंडाळतात, तिच्या जाळ्या पाल्याने भरलेल्या असतात, बंद खोलीत भर उन्हात ती स्वतःचीच गरम हवा ओढत असते. वर छप्पर हवं, अंगावर कापड नको. यात एक गैरसमज खूप पसरलाय की फिल्टर चोक झाला की मोटरवर लोड येऊन ती तापते. सेंट्रिफ्युगल पंपात उलटं असतं, पुढे अडथळा वाढला की पाणी कमी जातं आणि करंट कमी होतो, क्लॅम्प मीटर लावून व्हॉल्व्ह थोडा बंद करून बघा, आकडा खाली येईल. पूर्ण बंद व्हॉल्व्हवर पंप चालू ठेवला तर मात्र आतलं तेवढंच पाणी घुसळून तापतं आणि सील आणि प्लास्टिकचे भाग वितळतात, तो वेगळा धोका.

थ्री फेज पंप असेल तर घूंचं पहिलं कारण एक फेज नसणं. तिन्ही फेज आपसात मोजा. दुरुस्तीनंतर फिरायची दिशा तपासा, उलटा फिरला तरी थोडं पाणी देतो म्हणून लक्षात येत नाही, आणि आट्यांवर बसवलेला इंपेलर सुटूनही येतो. कुठलेही दोन फेज अदलाबदल केले की दिशा सुधारते. व्हेरिएबल स्पीडच्या पंपाला हे कपॅसिटरचं प्रकरण लागू नाही, तिथे डिस्प्लेवरचा एरर कोड मॅन्युअलमध्ये बघा, आणि ड्राइव्ह उघडायच्या आधी सप्लाय काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ पूर्ण थांबा, आतले कपॅसिटर जिवावर बेतण्याइतका चार्ज धरून असतात.

पंप रूममध्ये क्लोरीनच्या गोळ्या किंवा ॲसिडचे कॅन ठेवले असतील तर ते आजच बाहेर काढा, आणि दोन्ही एकमेकांपासूनही लांब ठेवा, एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. नुसत्या वाफेनेही कॉन्टॅक्टर, टर्मिनल, बेअरिंग सगळं खाऊन टाकतं. हिरवं पडलेलं तांबं दिसलं की मी आधी खोलीत कॅन कुठे आहेत ते शोधतो.

सगळं जोडून झालं, आता सुरू करताना. स्ट्रेनर पाण्याने काठोकाठ भरा, झाकणाच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावून घट्ट बसवा, सक्शन आणि डिलिव्हरी दोन्ही व्हॉल्व्ह उघडे. फिल्टरवरचा एअर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा आणि स्वतः फिल्टरपासून लांब उभे राहा, आत अडकलेली हवा दाबली गेली तर फिल्टरचं झाकण उडू शकतं. दोन-तीन मिनिटांत पाणी धरलं नाही तर बंद करा, कुठूनतरी हवा खेचतोय, बहुतेक वेळा झाकणाची ओ-रिंग किंवा स्किमरमध्ये पाणी कमी. आणि ज्या पूलला आपोआप क्लोरीन-ॲसिड सोडणारा डोसिंग पंप आहे तिथे तो आधी बंद ठेवा. मुख्य पंप बंद असताना डोसिंग चालूच राहिलं असेल तर पाइपात दाट रसायन साठून राहतं, आणि पंप सुरू होताच ते एकदम पूलमध्ये येतं, वायूसकट. म्हणून पंप सुरू करताना पाण्यात कोणीही नको, लहान मुलं तर काठालाही नकोत. डोसिंग पंपाचा सप्लाय मुख्य पंपाच्या कॉन्टॅक्टरमधूनच घ्या आणि शिवाय फ्लो स्विच लावा, म्हणजे पाणी वाहत नसताना रसायन जाणारच नाही. सर्क्युलेशन बरेच दिवस बंद होतं म्हणजे पाण्यात क्लोरीन सगळीकडे पोचलेलं नाही, तळाची जाळी स्पष्ट दिसेपर्यंत आणि क्लोरीन-पीएच मोजून बरोबर येईपर्यंत कोणाला उतरू देऊ नका.

तुम्ही आता शाफ्ट आधी बघा, मग कपॅसिटर, मग सुरू करतानाचं व्होल्टेज, याच क्रमाने. वायंडिंग ओपन निघालं, वाळवूनही मेगरवर मेगाओहम येत नसेल, किंवा सीलच्या जागी शाफ्ट खाल्लेला असेल तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नका, नवी मोटर घ्या, त्याच एचपीची आणि त्याच शाफ्टची, नव्या सीलसकट. मोठ्या एचपीची घेऊन जुना इंपेलर लावला तर पाणी काही वाढत नाही. आणि मोटर जुनी राहो की नवी येवो, पाणी धरल्यावर अर्ध्या तासाने क्लॅम्प मीटरने करंट मोजा, नेमप्लेटवरच्या आकड्याच्या आत हवा, तो आणि व्होल्टेज पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेसकट लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप आणि मोटरच्या सांध्याखाली कोरडा कागद सरकवून बघा, ओला निघाला तर सील परत उघडा, बेअरिंगपर्यंत पाणी पोचायच्या आत.